हजेरीतले तेरा

रविवार, 18 मे. रात्रीचे साडेदहा.

अंगाला अजून मिरचीचा वास येतोय. आंघोळ झाली, साडी भिजत घातली, तरी येतोय. लालबागच्या मसाला गल्लीत मे महिन्यात पाच मिनिटं उभं राहिलं तरी ठसका घरापर्यंत सोबत येतो. आम्ही तर पाऊण तास उभे होतो, सोळा जण, भर रस्त्यात. शाळेतल्या माझ्या जुन्या मैत्रिणीला मसाला कुटायचा डंक सोडून येता येत नव्हतं, म्हणून आम्हीच तिच्याकडे गेलो होतो.

पहिल्यापासून लिहिते, नाहीतर उद्या यातलं निम्मं विसरेन.

आमच्या 1983 च्या दहावीच्या वर्गाची आज चौथी भेट. या वेळी मॉनिटरच्या घरी जमायचं ठरलं. त्याचे वडील गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर होते. त्यांच्या नावावर म्हाडाच्या सोडतीत घर लागलं ते त्यांच्यामागे, आईने ताबा घेतला. 225 चौरस फूट. आम्ही सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलो. वहिनींनी थालीपीठं केली होती आणि कैरीचं पन्हं. एक जण रेल्वेत मोटरमन होता, तो निवृत्त झालाय. एक बदलापूरला क्लास घेते. एकीचा मुलगा पुण्याला. मी 31 तारखेला निवृत्त होणार, म्हणून सगळ्यांनी मला पेढा भरवला. दोघं कोरोनात गेले, त्यांचं नाव निघाल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. भेटीत हे सगळं होतंच, आणि मला ते आवडतं.

मग निरोप समारंभाचा फोटो निघाला. दर वेळी निघतो. 41 जण, मधोमध मुख्याध्यापक आणि गणिताच्या बाई. आमची सगळी शोधाशोध या फोटोवरूनच झाली आहे. एकेका चेहऱ्याखाली नाव लिहायचं, फोन नंबर मिळाला की खूण करायची. मॉनिटर म्हणाला, ‘‘आता फक्त चौघांचा पत्ता लागायचाय. मग वर्ग पूर्ण.’’

तेव्हा भोंगा बोलला. आवाजावरून त्याला आम्ही हेच म्हणायचो, अजून म्हणतो. म्हणाला, ‘‘गेल्या आठवड्यात मसाला कुटायला गेलो होतो. डंकावर कोण बसली होती सांगू? हिच्या बाकावरची.’’ आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

माझ्या हातातलं पन्हं तसंच राहिलं. ती फोटोत नाही. पाचवी ते नववी माझ्याशेजारी बसली, आणि गेली तीन वर्षं आम्ही वर्ग शोधतोय त्यात तिचं नाव मीसुद्धा एकदाही घेतलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही नववीत होतो. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हा इतिहास परळ-लालबागच्या माणसाला कुणी सांगायला नको. संप कुणाचा चुकला, मालकांचं काय, सरकारचं काय, पुढे गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं, यावर आमच्या वर्गातले पुरुष अजूनही तावातावाने बोलतात. आजही बोलले. पण त्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाक मोकळे होते, हे कुणी बोलत नाही. नववीत आमची हजेरी 54 पर्यंत जायची. दहावीच्या फोटोत 41. मी हे आकडे आज पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवले.

माझे वडील बेस्टमध्ये होते. आमच्या घरी दर महिन्याला पगार येत होता. चाळीच्या त्या मजल्यावर तसा पगार येणाऱ्या खोल्या तीन-चारच असतील. एवढ्या एका गोष्टीमुळे मी फोटोत आहे.

तिची आई खाणावळ चालवायची. गिरणगावात अशा कितीतरी बायका होत्या. गावाकडून एकटे आलेले कामगार एका खोलीत दाटीवाटीने राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, आणि जेवण एखाद्या मावशीकडे महिन्याच्या बोलीवर. याच बायकांना घेऊन प्रेमाताई पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. तिच्या आईकडे बावीस जण जेवायला होते. सकाळी शाळेत जाताना मी तिला हाक मारायला जायची तेव्हा दारात पाट उभे केलेले असायचे आणि आत चुलाण्यासारखा तापलेला स्टोव्ह. ती भाकऱ्या थापून हात धुऊन यायची. तिच्या वह्यांच्या कोपऱ्यांना पीठ असायचं.

आज तिला पाहिलं आणि आधी हातच ओळखले. डंकाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. ती बेडगी आणि संकेश्वरी वेगवेगळ्या पाट्यांत वजन करून ठेवत होती, तोंडाला पदर बांधलेला. पावसाआधी मसाला करून घ्यायची सगळ्यांची घाई, बायकांची रांग लागलेली. मी तिच्या नावाने ओरडले. तिने वर बघितलं, पदर खाली केला आणि म्हणाली, ‘‘तू अजून डावीकडेच भांग पाडतेस?’’

मला रडू आलं. मिरचीमुळे सगळ्यांचेच डोळे वाहत होते.

मी म्हटलं, चल, सगळे आलेत, वर्ग भरलाय. ती म्हणाली, ‘‘मी कुठे गं दहावीची?’’ तक्रार नव्हती तिच्या आवाजात. एखादीने आपलं गाव सांगावं तसं सांगितलं. पुढच्या गिऱ्हाइकाचे धणे घेत घेत ती बोलत राहिली, आणि मी तिथेच पोत्यावर बसून ऐकलं.

संप लागल्यावर पहिल्या महिन्यात जेवणाऱ्यांनी थोडे थोडे पैसे दिले. मग बंद झाले. काही जण गावी गेले, काही राहिले, कारण आज मिटेल उद्या मिटेल असं वाटत होतं. आईने कुणाला नाही म्हटलं नाही. ‘‘ती म्हणायची, ताटावर बसलेल्याला उठ कसं म्हणू? मग डाळ पातळ झाली. मग नुसती भाकरी आणि ठेचा. वाण्याने उधारी बंद केली त्या दिवशी तिने आधी पाटल्या विकल्या आणि मग मोठी भांडी. भांडी गेली तेव्हा मला कळलं, आता खाणावळ संपली.’’ मे महिन्यात सगळे पाटणकडे गावाला गेले ते सव्वा वर्षाने परत आले. तोवर आमची दहावी होऊन गेली होती. भारताने वर्ल्डकप जिंकला ती रात्र आमच्या चाळीत एका टीव्हीभोवती साजरी झाली होती, आणि तेव्हा ती गावी दुसऱ्याच्या रानात भांगलत होती.

मग तिने सांगितलेलं मला आज झोपू देणार नाही. ‘‘सगळ्यांनी नाही बुडवले हं पैसे. एक मामा होते, आजऱ्याचे. 1989 ला शोधत आले. पत्ता विचारत विचारत. साडेतीन महिन्यांचे पैसे मोजून आईच्या हातावर ठेवले. आईने त्यांना आधी जेवायला वाढलं.’’

मी तिला विचारलंच. म्हटलं, त्या जूनमध्ये तू आली नाहीस, आणि मी तुझ्या घराकडे एकदाही आले नाही. दोन चाळी सोडून तर राहत होतीस. खरं कारणही सांगितलं. त्याआधी तिच्या आईने माझ्या आईकडे पैसे मागितले होते, आईने पन्नास रुपये दिले होते, आणि ‘‘आता त्यांच्याकडे फार जाऊ नकोस, त्यांना लाजल्यासारखं होतं,’’ असं मला बजावलं होतं. मी ऐकलं. ऐकणं सोपं होतं. नव्या बाकावर नवी मैत्रीण मिळाली होती.

ती म्हणाली, ‘‘आली असतीस तर कुलूप दिसलं असतं.’’ जरा थांबून म्हणाली, ‘‘पण यायला हवं होतंस.’’

दोन्ही तिने म्हटलं, हे बरं झालं. नुसतं पहिलं म्हटलं असतं तर मी ते घेऊन निवांत घरी आले असते.

निघताना तिने आणखी एक सांगितलं, तेही हळद मोजता मोजता. 1991 ला, दोन मुलं झाल्यावर, तिने 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. पास झाली. मुलगी काखेत घेऊन निकाल आणायला गेली होती. म्हणजे दहावी तिचीही झाली, फक्त फोटोशिवाय.

घरी परतताना गाडीत मॉनिटरचा फोन आला. म्हणाला, फोटोवरून शोधायचं बंद करू या, नववीच्या हजेरीवरून शोधू. शाळेत इतका जुना हजेरीपट कुठे मिळणार? पण नववीच्या बाई रोज सकाळी खणखणीत आवाजात हजेरी घ्यायच्या, ती कानात आहे. मी आत्ता वहीत 1 ते 54 आकडे लिहिलेत आणि पुढे नावं भरतेय. मुलींची सगळी आठवली. फोटोत नसलेल्या तेरांपैकी अकरा जमले. त्यातल्या एकाने रात्रशाळेतून दहावी केल्याचं भोंग्याने सांगितलंय, एक चिवडा गल्लीत दिसायचा असं कुणीतरी म्हणालं.

28 नंबर आत्ता लागला, घोडपदेवहून चालत यायचा तो.

19 काही केल्या येत नाही. त्याचं दप्तर डोळ्यांसमोर येतं. गिरणीच्या कापडाची शिवलेली पिशवी होती, निळ्या पट्ट्यांची, आणि पावसात तो ती शर्टाच्या आत धरायचा. ‘‘हजर’’ म्हणायचा तोही ऐकू येतो, अगदी हळू. नाव येत नाही. दुपारी दोन ते तीन डंक बंद असतो म्हणाली होती. उद्या तेव्हा तिला फोन करते. तो तिच्या उजव्या हाताला बसायचा, तिला आठवेल.