आमची वाटचाल : शेराचे ग्रॅम करताना

आमच्या काळ्या मसाल्याची कृती सासूबाईंच्या वहीतली. धणे चार शेर, जिरं एक मापटं (अर्धा शेर), लवंग दोन तोळे, दालचिनी एक छटाक. १९५६च्या कायद्याने किलो-ग्रॅम आले, तरी आईंच्या हाताखालचा पितळी शेर काही हलला नाही.

नागपूरच्या महाल भागातल्या राहत्या घरी आम्ही मसाला विकायला सुरुवात केली. इतवारीच्या बाजारात माल किलोवर मिळतो, म्हणून मी हिशेब मांडला : तोळा ११.६६ ग्रॅम, छटाक पाच तोळ्यांचा, शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. चार शेर धणे पावणेचार किलो झाले. कांडून आणलं, पाकिटं भरली, ओळखीत वाटली. आठवड्यात एक काकू पाकीट घेऊन दारात. "ताई, भाजीत नुसते धणेच लागून राहिले."

त्या रात्री आईंनी फडताळातला शेर काढून माझ्यापुढे ठेवला. "वहीतला शेर हा आहे, भरून मोजायचा. तू वजनाचा धरला."

धणे शिगोशीग भरून तळहाताने सपाट केले आणि काट्यावर ओतले. ३३० ग्रॅम! मीठ भरलं तर किलोच्या वर गेलं. माप एकच, पण धणे पोकळ आणि हलके. मी जवळजवळ तिप्पट धणे घातले होते, जिरंही दुपटीने. लवंग-दालचिनी तोळ्या-छटाकांत, म्हणजे मुळातच वजनाची; ती बरोबर पडली आणि धण्यांखाली दबली.

सगळी पाकिटं बदलून दिली. पुढचे पंधरा दिवस वहीतला एकेक जिन्नस मापून तोलला. दगडफुलाने फार छळलं. दाबून भरलं की वजन वाढतं, म्हणून ते तीनदा तोललं. आईंचा हात जसा भरायचा, तेच वजन वहीत लिहिलं.

मग चमच्याचा प्रश्न आला. पाकिटावर 'दोन चमचे' छापलं होतं, पण कुणी पोह्याचा चमचा घेई, कुणी शीग लावून. आता प्रत्येक पाकिटात पाच मिलीचा छोटा चमचा असतो आणि वर लिहिलेलं असतं, 'सपाट भरा.' मला हा खर्च कधीच जड वाटला नाही.

कामावर नवी बाई आली की पहिल्या दिवशी आई तिच्याकडून शेरात धणे भरून घेतात, मग काट्यावर ओतायला लावतात. आकडा मोठ्याने वाचायचा.