सही करण्याआधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा

क्रिप्टोत मोठी रक्कम घालायला निघालेल्या कंपनीचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा वेगाचा असतो. बडोद्याहून टोकियोतल्या एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या, सर्व्हरपर्यंत ऑर्डर जाऊन यायला १०० मिलिसेकंदांच्या वर लागणारच. वेगावर कमावणारे आपली यंत्रं तिथेच भाड्याने ठेवतात. त्यात भारतात १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. तेच भांडवल ७० वेळा फिरवलं, तर भाव जागचा न हलताही जवळपास निम्मी रक्कम टीडीएसमध्ये अडकते आणि परतावा मिळेपर्यंत तिकडेच पडून राहते. म्हणून इथल्या संस्थेने वेगाचा नाद सोडावा आणि पैसे बाहेर जायची वाट आधी पक्की करावी.

मोठे दरोडे त्याच वाटेवर पडलेत. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या दुसऱ्या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर. दोन्हीकडे मल्टिसिग वॉलेट होतं, म्हणजे अनेकांच्या सह्या लागत होत्या. बायबिटमध्ये सह्या खऱ्या अधिकाऱ्यांनीच केल्या. त्यांना पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात सही वेगळ्याच मजकुरावर झाली. पडद्यावरचं आणि सही झालेलं जुळत नव्हतं, असं वझीरएक्सनेही सांगितलं होतं. सह्यांची संख्या वाढवून यावर उपाय होत नाही. पाच जण एकाच बिघडवलेल्या पानाकडे बघत असतील, तर पाचही जण फसतात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तो करायलाच हवा. इथेरियमवरच्या मल्टिसिगमध्ये सही करताना हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या छोट्या यंत्रावर, बहुधा नुसता हॅश दिसतो, म्हणजे व्यवहाराच्या मजकुरातून गणिताने निघालेला ठसा. तो हॅश वेगळ्या कॉम्प्युटरवर, वेगळ्या प्रोग्रामने स्वतः काढा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. हॅश काढताना व्यवहारातले पाच मुख्य रकाने उघडे पडतात: टू (कुणाकडे), व्हॅल्यू (रक्कम), डेटा (सोबतची सूचना), ऑपरेशन (प्रकार), नॉन्स (अनुक्रमांक). ‘ऑपरेशन’ नेहमीच्या पाठवणीत ० असतं. तिथे १ दिसला, तर दुसऱ्याच कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रामचा, कोड तुमच्या वॉलेटच्या अधिकारात चालणार आहे. बायबिटमध्ये हेच झालं. १ का आला हे समजेपर्यंत सही थांबवा. आणखी एक गोष्ट नवख्यांना चकवते. यूएसडीसी (डॉलरला बांधलेलं टोकन) पाठवताना ‘टू’मध्ये घेणाऱ्याचा पत्ता नसतो, टोकनच्या कॉन्ट्रॅक्टचा असतो. घेणारा आणि रक्कम ‘डेटा’त असतात. यूएसडीसीला सहा दशांश स्थळं आहेत, म्हणून ५ लाख यूएसडीसी म्हणजे ५ वर अकरा शून्यं. तेही सोळाच्या पायावर लिहिलेलं असतं, तेव्हा दशमानात आणूनच वाचा.

पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कधीच उचलू नका. पहिली आणि शेवटची चार अक्षरं सारखी असलेल्या पत्त्यावरून किरकोळ रक्कम पाठवून ती यादी मुद्दाम नासवतात. नव्या पत्त्याला मंजुरी मिळाल्यावरही २४ तास थांबायचा नियम ठेवा. आधी थोडी रक्कम पाठवून बघायची पद्धत चांगलीच आहे, पण तिने चुकीचा पत्ता किंवा चुकीचं नेटवर्क पकडलं जातं. बिघडवलेलं पान पकडलं जाईलच असं नाही.

सहीच्या किल्ल्या पाचपैकी तीन अशा ठेवा, म्हणजे किल्ल्या पाच आणि त्यातल्या कुठल्याही तिघांच्या सह्या पुरेशा, आणि त्या गावभर नव्हे, गावाबाहेरही वाटा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर चढलं ते बडोदेकरांना सांगायला नको. तळमजल्याच्या तिजोरीत कागदावर लिहिलेले, किल्ली परत मिळवून देणारे २४ शब्द अशा पाण्यात टिकत नाहीत, म्हणून ते स्टीलच्या पट्टीवर कोरून वरच्या मजल्यावर ठेवा. एक किल्ली रावपुऱ्यातल्या ऑफिसात, एक पुण्याला, असं चालेल. बँकेच्या लॉकरमध्ये मात्र एकाहून जास्त नको. उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, लॉकर उघडत नाही, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणालाही सही करणारी मंडळी गच्चीवर असतात आणि क्रिप्टोचा बाजार सुरूच असतो. त्या दोन दिवसांचे तीन सहीदार आधीच ठरवून ठेवा.

एक्स्चेंजवर फक्त चालू व्यवहारांना लागेल तेवढंच ठेवावं. एफटीएक्स हे एक्स्चेंज ११ नोव्हेंबर २०२२ रोजी दिवाळखोरीत गेलं, तेव्हा आत अडकलेल्यांत मोठमोठे फंड होते.

एपीआयच्या, म्हणजे तुमचा प्रोग्राम ज्या वाटेने एक्स्चेंजशी बोलतो तिच्या, किल्ल्या तीन वेगळ्या: बघायची, ट्रेडिंगची, पैसे काढायची. शेवटची शक्यतो तयारच करू नका. प्रत्येक किल्ली ठरलेल्या आयपीला, म्हणजे तुमच्या इंटरनेट लाइनच्या पत्त्याला, बांधा, आणि इथे हमखास एक घोळ होतो. मुख्य लाइन तुटते, राउटर दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर जातो, तिचा आयपी यादीत नसतो, आणि पोझिशन उघडी असताना एक्स्चेंज प्रत्येक ऑर्डर नाकारतं. दोन्ही लाइनींना स्थिर आयपी घ्या, दोन्ही यादीत घाला आणि महिन्यातून एकदा मुख्य लाइनची वायर खरोखर काढून बघा. ऑर्डरला उत्तर आलं नाही, तर ती गेलीच नाही असं धरून पुन्हा पाठवू नका. प्रत्येक ऑर्डरला स्वतःचा क्रमांक द्या, त्या क्रमांकाने आधी चौकशी करा, नाहीतर एकाच्या जागी दोन खरेद्या होतात. सर्व्हरचं घड्याळही एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरून वेळ जुळवायच्या सोयीने, जुळलेलं हवं. बऱ्याच एक्स्चेंजना पाच सेकंदांचा फरकही चालत नाही, आणि एररमध्ये घड्याळाचा उल्लेख असला तरी घाईत तो वाचला जात नाही.