जिप्सी क्रॉलर: मागचा ॲक्सल अखेर गप बसला

मंडळी, दगडांवर चढायला बनवलेल्या माझ्या मारुती जिप्सीला ट्रॅक्शन बार (ॲक्सलला पिळू न देणारा दांडा) बसला आणि चालला. स्प्रिंग-ओव्हर (स्प्रिंगचे पाटे ॲक्सलखालून काढून वर बसवणं) केल्यापासूनचं माझं रडगाणं तुम्ही ऐकताय: उंची झकास मिळाली, टायर कुठं घासत नाहीत, पण लो-फर्स्टमध्ये (फोर-व्हीलच्या लो रेंजचा पहिला गिअर) दगडाला चाक लावून रेस दिली की मागचा ॲक्सल धडाधड उड्या मारायचा. त्यात प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) गेले ते वेगळेच.

आकडे बघा. पहिला गिअर 3.652, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) लो 2.268, म्हणजे ॲक्सलमधल्या डिफरन्शिअलला पोचेपर्यंत टॉर्क 8.28 पट. चाक पुढं फिरतं तसं ॲक्सलचं हाऊसिंग उलटं फिरायला बघतं, पिनियनचं (शाफ्ट जिथं जोडतो त्या गिअरचं) नाक वर उठतं, पाटे पिळतात. पकड सुटली की पीळ सुटतो, पकड आली की पुन्हा भरतो. तीच ती उडी.

आधी एक पाटा वाढवला होता. उड्या कमी झाल्या, पण आर्टिक्युलेशन (एक चाक वर, दुसरं खाली जायची मुभा) गेलं, ओढ्यात एक चाक कायम हवेत. हा उपाय सुचवणाऱ्यांनी तो आधी स्वतःच्या गाडीवर करावा.

बारची रचना साधी आहे: हाऊसिंगवर वर आणि खाली एकेक बुश, तिथून सीमलेस पाइपचा त्रिकोण पुढं ट्रान्सफर केसजवळच्या क्रॉसमेंबरपर्यंत. गोम पुढच्या टोकात. ते थेट बोल्टनं आवळलं तर पाटा एका वाटेनं हलणार, बार दुसऱ्या, आणि दोघांच्या ओढाताणीत काहीतरी तुटणार. म्हणून शॅकल, म्हणजे झुलती कडी. टोक पुढं-मागं सरकतं, वर-खाली नाही, त्यामुळं पीळ तेवढा अडतो. पण ॲक्सल तिरका झाला की बार स्वतःभोवतीही फिरू बघतो, आणि तिथं रबरी बुश फाटायचा. ऑनलाइन एकाकडून पॉलियुरेथेनचे मागवले, ते नखानं दबत होते! शेवटी ट्रॅक्टरच्या टॉप लिंकचा बॉल कापून लावला. खडखडतो, पण सगळीकडं फिरतो. स्लीव्ह उद्यमनगरात लेथवर काढून घेतल्या, बसल्या त्या अशा की हातोडा लागलाच नाही. वेल्डिंगला 7018 नंबरचे रॉड, ओव्हनमध्ये तापवून. ओलसर रॉडनं असला जोड करू नका, खाली तुम्हीच झोपणार आहात.

चाचणीला जांभा टाळला, त्यावर टायर चिकटतो. ओला काळा दगड, जिथं पकड येते-जाते, तिथं नेली. (ट्रेलरवरूनच, गाडीत बदल करण्याबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 शी हुज्जत नको.) हाऊसिंगला चुंबकी अँगल गेज, समोर कॅमेरा. पूर्वी पिनियन 9-10 अंश उचलायचा, आता जेमतेम 2. टायर घसरला, फिरला, पुन्हा धरला, गाडी वर. उडी नाही. व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतोय, घरचे वैतागलेत.

पुढं ट्रान्सफरमध्ये सुझुकी सामुराईवाले (जिप्सीचं परदेशी भावंड) टाकतात तो 4.16 चा गिअर सेट ठरला होता. पण लिहिता लिहिता गणित केलं: 8.28 चे थेट 15.19 होतात. मागं आता बार आहे, पुढं काय? पुढचे पाटे तसेच पिळणार, आणि स्टिअरिंग कापून रेस दिली की आधीच नाजूक असलेले बर्फील्ड जॉइंट (वळलेल्या पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे सांधे) जाणार. तेव्हा सेट लांबणीवर. आधी पुढच्या ॲक्सलला असाच बार. इंजिनच्या ऑइल संपमुळं (खालच्या तेलाच्या भांड्यामुळं) जागा अगदीच कमी आहे, त्रिकोण एका बाजूनं काढावा लागेल. कुणी जिप्सीला तसा बसवला असेल तर खालून काढलेले फोटो टाका, मोजमाप दिसेल असे.