पेटीच्या रेकॉर्डी, अपडेट ४: दुकानातली माणसं

मागच्या अपडेटला पाच महिने झाले, आधी हिशोब सांगते. पेटी (हार्मोनियम) सोलोच्या ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या तबकड्या, आता अकरा झाल्यात, त्यातल्या आठ नीट वाजतात, दोनना केसासारखी चीर आहे आणि एक घरी आणतानाच लोकलच्या गर्दीत दुभंगली, ती तशीच जपून ठेवलीय. नाट्यपदांच्या ७८ चौतीस. या सगळ्यात ऑनलाइन घेतलेल्या फक्त दोन. बाकी सगळ्या दुकानातून आल्या, आणि दुकानातून म्हणजे खरं तर तिथल्या माणसांमुळे आल्या, म्हणून यावेळी मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहितेय.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. मी पेटी वाजवते, साथीला बसते, क्लास घेते. पेटीवाल्याला जुन्या रेकॉर्डी का लागतात, असं बरेच जण विचारतात. त्याचं कारण असं की १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती आणि सत्तरच्या दशकात कुठे ती सैल व्हायला लागली. म्हणजे गायकांचं, सतारियांचं त्या काळातलं रेडिओचं रेकॉर्डिंग कुठेतरी निघतं तरी, पण पेटी सोलो त्या काळात कशी वाजायची हे ऐकायचं तर बाजारात आलेल्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांशिवाय फारसं काही हाताला लागत नाही. पी. मधुकर म्हणजे मधुकर पेडणेकर, आपल्या पेटीवादक तुळशीदास बोरकरांचे गुरू, त्यांच्या पेटीच्या ७८ ऐकल्यावर मला कळलं की बोटं उचलायची कधी हे मी वीस वर्षं चुकीचं शिकवत होते. तेव्हापासून हा नाद.

आता मुंबईतल्या मटण स्ट्रीटचे चाचा. आधीच्या अपडेटमध्ये त्यांचा नुसता उल्लेख झाला होता. सँडहर्स्ट रोडला उतरून चालत गेलं की चोरबाजारात त्यांचं दुकान, दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढंच. भिंतीला छतापर्यंत ७८, उभ्या लावलेल्या, आडव्या एकावर एक कधीच नाहीत कारण लाखेची रेकॉर्ड वजनाने वाकते नाहीतर तडकते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी नुसतं 'हार्मोनियम सोलो है क्या' विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं, "बजाती हो या जमा करती हो?" मी म्हटलं वाजवते. मग त्यांनी स्टूल पुढे केलं. तो प्रश्न मला फार आवडला, कारण जमा करणाऱ्याला लेबल चकचकीत लागतं आणि वाजवणाऱ्याला आतला आवाज लागतो, आणि चाचांकडे दोघांसाठी वेगवेगळे ढीग आहेत. माझ्या ढिगातल्या रेकॉर्डींची लेबलं फाटलेली, कुणीतरी शाईने नाव लिहिलेली, पण खाचा धडधाकट. किंमतही त्यामुळे निम्मी.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे रेकॉर्ड कशी बघायची. मी आपली ट्यूबलाइटखाली तिरकी धरून चरे मोजत बसायचे. चाचा रेकॉर्डच्या मधल्या भोकात बोट घालून ती लटकती धरतात आणि कडेला नखाने हळूच टिचकी मारतात. अखंड असेल तर खणखणीत वाजते, चीर असेल तर बद्द. आपण उन्हाळ्यात माठ घेताना वाजवून घेतो तसंच हो अगदी. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते. आता मी प्रत्येक ठिकाणी असंच करते.

दुसरी गोष्ट मात्र मला नुकसानीपासून वाचवणारी. एलपी (विनाइलच्या नंतरच्या तबकड्या) पुसायला मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी वापरते हे बोलता बोलता सांगितलं, त्यांनी कपाळावर हात मारला. ७८ लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुताराकडचं पॉलिश असंच तर करतात, म्हणजे मी घरी जाऊन तीच बाटली ७८ वर वापरली असती तर खाचाच पुसून गेल्या असत्या. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबल ओलं होऊ द्यायचं नाही, आणि पंख्याखाली उभी वाळवायची. पावसाळ्यात कागदी कव्हरं फेकून नवीन घालायची कारण बुरशी तिथूनच चढते. हे सगळं आता कुठेही वाचायला मिळतं हे मला माहितेय, पण ते माझ्या हातातून चूक व्हायच्या आधल्या दिवशी कुणी सांगितलं, तर चाचांनी.

आणि आता यावेळचा खरा विषय, स्पीड. हे जरा सविस्तर लिहिते कारण यात माझे दोन महिने गेलेत.

आपण म्हणतो सेव्हन्टी एट, पण जुन्या रेकॉर्डी सगळ्या ७८ लाच कोरलेल्या नसतात. सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत काहीही असतं, सुरुवातीच्या काळात तर जास्तच. ऐकणाऱ्याला फरक पडत नाही, आपल्याला पडतो, कारण स्पीड बदलला की पट्टी, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या ज्या सुरावर असतो ती, बदलते. माझ्याकडे नाट्यपदाची एक रेकॉर्ड आहे, मी तिच्याबरोबर पेटी धरायला बसले तर सा सापडेचना, काळी चार आणि पांढरी सहा या पेटीवरच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लटकत होता. मला वाटलं टर्नटेबल बिघडलं, बेल्ट सैल झाला असेल, पण माझं ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२० आहे, त्याला बेल्टच नसतो. मग वाटलं त्यांची पेटीच तशी ट्यून केलेली असेल. शेवटी रेकॉर्ड पिशवीत घालून चाचांकडे गेले.

त्यांनी लावली, जेमतेम दहा सेकंद ऐकली, म्हणाले, "भाग रहा है." मी विचारलं कसं कळलं, गायकाचा आवाज तर गोडच लागतोय. तर म्हणाले गाण्याकडे लक्ष देऊ नको, तबल्याकडे दे. "तबला डब्बा हो गया ना? मतलब स्पीड ज्यादा." आणि त्यांनी त्यांच्या जुन्या मशीनचा काटा हळूहळू मागे घेतला आणि खरंच सांगते, एका जागी डग्ग्याला अचानक पोट आलं. घुमारा आला. त्या जागी त्यांनी हात काढला. मी तोंडाने सा धरून घरी आले (अख्ख्या लोकलभर गुणगुणत, सोडला तर जाईल म्हणून), पेटीवर लावून बघितला तर बरोब्बर काळी चार. मधे लटकत होता तो अर्धी पट्टी खाली आला होता. म्हणजे ७८ च्या जागी साधारण ७५.८.

गणित ज्यांना हवंय त्यांच्यासाठी, एक पूर्ण पट्टी खाली यायला स्पीड जवळपास साडेपाच टक्के कमी करावा लागतो, ७८ चे ७३.६ होतात. एलपी१२० ला पिच स्लायडर आहे त्यामुळे हे घरी जमतं, ज्यांच्या मशीनला नाही त्यांनी रेकॉर्ड करून घेऊन कॉम्प्युटरवर खाली आणा, फक्त त्यात पिच आणि लय दोन्ही एकत्र बदलणारा ऑप्शन घ्या, नुसतं पिच बदललंत तर लय पळतीच राहील. माझी आताची पद्धत अशी की आधी तबल्याने अंदाजे जागा धरायची आणि मग तिच्या जवळची पट्टी पेटीवर पक्की करायची. पेटी सोलो असेल तर अजून सोपं, कारण पेटीच्या सुरांना दोन पट्ट्यांच्या मधे जायला सहसा जागा नसते. चौतीसपैकी एकोणीस नाट्यपदं अशी लावून झाली, त्यातल्या अकरा ७८ ला नव्हत्याच.

सुईबद्दल मागे दोघांनी विचारलं होतं. एलपीची सुई ७८ ला चालत नाही, ती खाचेच्या तळाशी घरंगळते आणि नुसती खरखर उचलते. ७८ ला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई हवी, मी ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५एसपी लावलीय. आणि घरी जुना चावीचा ग्रामोफोन असेल तर स्टीलची पिन प्रत्येक बाजूला नवीन, काटकसर करू नका, झिजलेली पिन खाच कापते.

पुण्याच्या काकांचं सांगायचं राहिलं. क्लासच्या निमित्ताने महिन्यातून एकदा पुण्याला जाणं होतं तेव्हा बुधवार जुळला तर जुना बाजार, नाहीतर थेट काकांकडे. ते कॅसेट, एलपी आणि थोड्या ७८ ठेवतात, एका पेठेतल्या वाड्याच्या पुढच्या खोलीत. त्यांना नाव सांगायचं नाही, चाल म्हणायची. मी एकदा दोन ओळी गुणगुणल्या तर म्हणाले, "ताई, अंतरा म्हणा, मुखडा चौघांनी उचललाय." अंतरा म्हटल्यावर उठले आणि तिसऱ्या फळीवरून बरोबर रेकॉर्ड काढून दिली. मला वाटतं ज्याला अंतऱ्यावरून रेकॉर्ड ओळखता येते तो साथीदारच, हातात वाद्य असो की नसो. त्यांच्याकडे अलूरकर म्युझिक हाउसच्या कॅसेटही आहेत. पुण्यातल्या माझ्या वयाच्या शिकणाऱ्यांना सुरेश अलूरकरांच्या दुकानाचं वेगळं सांगायला नको, दुकानदारानेच मैफली मुद्रित करून कॅसेट काढाव्यात आणि आमच्यासारख्यांनी त्या झिजेपर्यंत ऐकाव्यात. काकांकडे त्या विकायला नाहीत, ऐकायला आहेत. बसा आणि ऐका.

हे लिहिताना मला मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान आठवतंय. चाळिशीच्या दशकात सुरू झालेलं आणि २९ फेब्रुवारी २०१६ ला बंद झालेलं. कॉलेजात असताना खिशात एका कॅसेटचे पैसे असायचे आणि काउंटरवरच्या माणसांना ते बघताक्षणी कळायचं बहुतेक, तरी तिघी मैत्रिणींना ते चार चार कॅसेट ऐकू द्यायचे. 'तोडी आवडला ना, मग आता हा ऐका' म्हणून एका घराण्यातून दुसऱ्यात त्यांनी मला कितीदा नेलं असेल. माझं अर्धं ऐकणं त्या काउंटरवर झालंय. बंद व्हायच्या आठवड्यात गेले होते, फळ्या रिकाम्या होत होत्या, मी काहीतरी घ्यायचं म्हणून घेतलं आणि पैसे देताना बोलताच येईना.

एक गोष्ट मी हल्ली प्रत्येक दुकानात सांगते. नासाने अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीवर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची, हे आपल्यात बहुतेकांना माहीत असेल. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांच्या स्पीडची, सत्तावीस सांगीतिक तुकडे, त्यात भारताचा हा एकच. पण ती रेकॉर्ड त्यांना मिळाली कुठे ते फार कमी जणांना माहितेय. रॉबर्ट ब्राउन या संगीत अभ्यासकाने सुचवली तेव्हा ती बाजारातून कधीच गेली होती. शोधता शोधता त्या तबकडीचं काम करणाऱ्या ॲन ड्रुयान यांना न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला एका टेबलाखालच्या खोक्यात सापडली. तीन प्रती! म्हणजे गोव्यातल्या केरीच्या बाईंचा सूर ताऱ्यांमधल्या अवकाशात गेला तो टेबलाखालचं खोकं न फेकणाऱ्या एका दुकानदारामुळे. व्हॉयेजर २ आधी, २० ऑगस्ट १९७७ ला सुटलं, व्हॉयेजर १ नंतर ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. पुण्याच्या काकांना हे सांगितलं तर ते उठून मागच्या खोलीत गेले आणि त्यांच्या टेबलाखालची तीन खोकी बाहेर काढून ठेवली, म्हणाले, "बघा ताई, यात काय आहे मीही दहा वर्षं बघितलेलं नाही." त्यातच पी. मधुकरांची एक मिळाली. संध्याकाळचं रेकॉर्डींवरून हात काळे झालेले, चहा गार झालेला, आणि टिचकी मारली तर खणखणीत.

ती घरी धुतली, वाळवली, लावली, स्लायडर थोडा खाली घेतल्यावर पट्टी लागली, दोन्ही बाजू उतरवून घेतल्या. मागच्या शुक्रवारी मोबाइलवर घेऊन मटण स्ट्रीटला गेले, कारण चाचा एकदा म्हणाले होते की त्यांच्या वडिलांच्या वेळी ही रेकॉर्ड दुकानात वाजायची आणि विकली गेल्यापासून त्यांनी ऐकलेली नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं, गल्लीत हातगाडीवाला ओरडत होता, चाचांनी गिऱ्हाइकाला हातानेच थांबायला सांगितलं आणि मोबाइल कानाला लावून डोळे मिटले. दोन्ही बाजू संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही, ते गिऱ्हाईकही नाही. मग मोबाइल परत देताना म्हणाले, "अब बराबर है. आधा दाना भी इधर-उधर नहीं."

पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे इंदूरकडचा एक लॉट येणार आहे, उघडायच्या आधी मला फोन करणार आहेत. यंग इंडिया या जुन्या रेकॉर्ड कंपनीच्या पेटीच्या रेकॉर्डी कुणाकडे असतील तर लेबलच्या बाहेरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला नंबर मला कळवा, मी त्यांची यादी करतेय.