डोळे पुस्तकात, लक्ष कुठे?

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे पालक मला नेहमी विचारतात: मुलगा तासभर पुस्तकात डोळे घालून बसतो, तरी काय वाचलेस म्हटले की त्याला काहीच सांगता येत नाही, हे कसे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नजर आणि लक्ष बहुधा बरोबर असतात, पण ती एकच गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एका अंधाऱ्या पेटीत अक्षरे छापलेला कागद लावला, प्रकाशाच्या एका बारीक ठिपक्यावर नजर खिळवली आणि विजेच्या ठिणगीने तो कागद निमिषभर उजळवला. तेवढ्या वेळात डोळा हलणे शक्यच नव्हते. तरीही कागदाच्या ज्या भागाकडे त्याने आधीपासून मन लावलेले असे, तिथली अक्षरे त्याला ओळखता येत. प्रयोगशाळेतच कशाला, वर्गात फळ्याकडे बघत शेजारच्याची वही टिपणाऱ्या विद्यार्थ्यालाही ही कला अवगत असते.

डोळ्याला मात्र लक्षाला मागे टाकून जाता येत नाही. वाचताना डोळे ओळीवरून सलग सरकत नाहीत. ते सेकंदाला तीन-चार उड्या घेतात, कारण बारकावे टिपणारा दृष्टिपटलाचा भाग अगदी लहान असतो. डॉयबेल आणि श्नायडर या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवले की डोळा जिथे उतरणार असतो तिथले चिन्ह, तो हलण्यापूर्वीच, शेजारच्या चिन्हांपेक्षा अधिक अचूक ओळखले जाते; म्हणजे लक्ष तिथे डोळ्याच्या आधीच पोचलेले असते.

म्हणजे डोळे ओळींवरून फिरत असतील तर मुलाचे लक्षही तिथे असणारच, असे कोणी म्हणेल. ते असते, पण जागेपुरते. तिथे पाहिलेल्याचे पुढे काय होते, हा निराळा प्रश्न आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २४ रेडिओलॉजिस्टांना, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन तपासणाऱ्या डॉक्टरांना, फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितले होते. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे गोरिलाचे चित्र घातले होते. ते २० जणांना दिसले नाही, आणि डोळ्यांच्या हालचालींच्या नोंदीनुसार त्यांपैकी १२ जणांची नजर थेट त्या चित्रावर पडली होती.

म्हणून मुलाच्या डोळ्यांवर पहारा ठेवण्यापेक्षा, या धड्यात तू काय शोधणार आहेस, हे त्याला बसण्याआधी विचारावे, असे मी सुचवतो. त्या डॉक्टरांना गाठी शोधायच्या होत्या, आणि गाठी त्यांना बऱ्याच सापडल्याही.