बुधवारचा कट: भाच्याची बॅग घेऊन केलेला गोल्फचा एक हंगाम

भारतातल्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्यावरची स्पर्धा साधारणपणे मंगळवारी सुरू होते आणि शुक्रवारी संपते. पण मैदानावरच्या बहुतेक खेळाडूंचा निकाल बुधवारी संध्याकाळीच लागतो. सव्वाशेच्या आसपास खेळाडू मंगळवारी उतरतात, तिघातिघांचे गट पहिल्या आणि दहाव्या टीवरून (होलचा पहिला फटका जिथून मारतात ती जागा) काही सकाळी, काही दुपारी सुटतात, आणि दोन दिवसांचे मिळून 36 होल झाले की वरचे 50 आणि पन्नासाव्याशी बरोबरीत असलेले तेवढे पुढे खेळतात. या गाळणीलाच कट म्हणतात. बाकीच्यांना बक्षिसाच्या रकमेतला एक रुपयाही मिळत नाही. प्रवेशशुल्क, रेल्वेचे भाडे, लॉजची खोली, कॅडीची, म्हणजे खेळाडूची बॅग उचलून साथ देणाऱ्याची, मजुरी हा सगळा खर्च मात्र तोवर होऊन गेलेला असतो. मागचा संपूर्ण हंगाम मी माझ्या भाच्याची बॅग खांद्यावर घेऊन या दौऱ्याबरोबर फिरलो. क्रीडापानावर विजेत्याचा फोटो छापून येतो. त्याच मैदानावर पन्नासाव्या क्रमांकासाठी जी झुंज चालते ती कुठेही नोंदली जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली पीजीटीआय, 2006 मध्ये सुरू झाली आणि 2024 मध्ये कपिलदेव तिचे अध्यक्ष झाले. एकूण 1 कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला 15 लाख मिळतात. तिथून आकडे भराभर खाली येतात आणि तळाशी कट पार केलेल्याच्या हाती पडणाऱ्या रकमेतून आठवड्याचा खर्च निघाला तरी घरी आनंद होतो. माझे मेहुणे चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबमध्ये हिरवळीची निगा राखण्याच्या कामावर होते, त्यामुळे पोराचे बालपण त्या मैदानाच्या कडेला गेले. पुढे सरावासाठी तो सिडकोच्या खारघर व्हॅली मैदानावर जाऊ लागला, कारण तिथे सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येते. मुंबईत 1842 मध्ये रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब निघाला होता, 1918 मध्ये विलिंग्डन क्लब आला. परंतु एवढा जुना वारसा असलेल्या या शहरात सर्वसामान्य घरातल्या मुलाला रोज चेंडू मारायला जागा मिळणे आजही कठीण आहे, आणि हे बदलले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. मी स्वतः शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. निवृत्त झालो त्याच सुमारास भाच्याने विचारले, "मामा, वर्षभर माझी बॅग घेशील का?" आणि मी होकार दिला.

कॅडीचे काम म्हणजे ओझे वाहणे एवढीच माझी कल्पना असती तर पहिल्याच आठवड्यात ती गळून पडली असती. बॅगेत जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, ठेवता येतात. प्रत्येक क्लबने भाच्याचा चेंडू किती यार्ड जातो, ओल्या हवेत किती आणि कोरड्या हवेत किती, हे कॅडीला पाठ असावे लागते. फटका मारून झाला की ओल्या टॉवेलने क्लबच्या तोंडावरच्या बारीक खाचांतली माती काढायची, बंकरमधली वाळू दाताळ्याने सारखी करायची, आणि हरवलेला चेंडू तीन मिनिटांच्या आत शोधायचा, कारण 2019 पासून पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका बदलामुळे, खेळाडू पवित्रा घेऊ लागला की कॅडीला त्याच्या पाठीमागे चेंडूच्या रेषेत उभे राहता येत नाही. दिशा दाखवायची ती आधी दाखवायची आणि बाजूला व्हायचे. शिक्षकाला ही शिस्त पटायला वेळ लागत नाही.

अहमदाबाद आणि जयपूर हे आठवडे लवकर सरले; दोन्हीकडे मैदान कोरडे, चेंडू टप्पा पडल्यावर लांब धावणारा. बेंगळुरूत मात्र सगळी गणिते नव्याने मांडावी लागली, कारण ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या विरळ हवेत चेंडू मुंबईपेक्षा लांब जातो. खारघरला सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी तोंडाचा क्लब; नंबर वाढला की अंतर कमी) जे अंतर कापले जाते तिथे आठ नंबर पुरतो. सरावफेरीत वहीच्या एका पानावर जुने आकडे आणि त्यांच्यासमोर नवे असे लिहून घेतले, आणि त्या वहीच्या जोरावर त्या आठवड्यात कट पार झाला.

ज्या गावाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे ते कोलकाता. हावडा मेलमध्ये दोन रात्री काढाव्या लागतात. क्लबची बॅग खालच्या बर्थखाली आडवी सरकवून साखळीने बांधायची आणि प्रत्येक मोठ्या स्टेशनावर वाकून पाहायची. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला सर्वांत जुना. मैदान जवळजवळ सपाट आहे, पण जागोजागी तळी आहेत, आणि टीवरून जे पाणी दिसतही नाही ते फटका मारल्यावर आडवे येते. एस. एस. पी. चौरसिया याच मैदानावर घडले. त्यांचे वडील इथेच हिरवळ राखत. मुलगा बघून बघून खेळ शिकला, 2008 मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला आणि पुढे 2016 आणि 2017 असा लागोपाठ दोनदा इंडियन ओपन. माझ्या भाच्यासाठी हे नाव फार मोठे आहे, आणि ते का, हे मी वेगळे सांगायला नको. पहिल्या दिवशी सकाळी टीकडे जाताना वाटेत हिरवळीवर पाणी मारणाऱ्या माणसापाशी तो थांबला आणि नमस्कार करूनच पुढे गेला.

त्या आठवड्यात बुधवारी दुपारी आमचा गट दहाव्या टीवरून सुटला होता, म्हणून शेवटचा होल नववा. कट कुठे लागणार याचा अंदाज तोवर सगळ्यांना आलेला असतो. पार मिळाला, म्हणजे होल ठरलेल्या फटक्यांत संपवला, तर आम्ही आत; बोगी, म्हणजे एक फटका जास्त, झाली तर बाहेर. पारसाठी सुमारे पाच फुटांचा पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा हलका फटका, उरला. आपल्याकडच्या बहुतेक ग्रीन्सवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, बर्म्युडा जातीचे गवत असते (गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच कुळातल्या), आणि त्याची पाती एका अंगाला कललेली असतात. पाती ज्या दिशेला झुकतात त्या दिशेने चेंडू जोरात जातो, उलट गेल्यास अडतो, आणि आडवा गेला तर नकळत ओढला जातो. मेहुण्यांनी पोराला लहानपणीच एक खूण शिकवली होती: भोकाची कड न्याहाळायची. जी बाजू दुपारपर्यंत तपकिरी, झिजलेली आणि फाटकी दिसते, गवताचा कल त्या बाजूला. आम्ही दोघे वाकलो. डावी कड फाटलेली होती. उतार उजवीकडे दिसत होता, पण गवत डावीकडे ओढणार होते, म्हणजे दोन्ही एकमेकांना छेद देणार. "सरळ," एवढेच मी म्हणालो आणि बाजूला झालो. पट सरळ गेला. स्कोअरकार्डावरचा प्रत्येक आकडा जोडीदाराबरोबर मोठ्याने वाचून, तपासून मगच त्याने सही केली, कारण एका होलवरही प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहून सही झाली तर खेळाडू बाद ठरतो.

दिल्लीत नेमके उलटे घडले. दिल्ली गोल्फ क्लबचे मैदान जुन्या घुमटांच्या आणि दाट झुडपांच्या मधून जाते, फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतचे मोकळे पट्टे, अरुंद आहेत, आणि झुडपात गेलेला चेंडू सापडला तरी तिथून खेळता येईलच असे नाही. दोन्ही दिवस भाचा चांगला खेळला आणि तरीही एका फटक्याने कट हुकला. त्या संध्याकाळी ताटावर बसल्यावर आमच्या मेजावर असलेल्या एका अनुभवी कॅडीने महूच्या मुकेशकुमारांची आठवण काढली. देशांतर्गत दौऱ्यावर शंभराहून अधिक विजय मिळवलेल्या मुकेशकुमारांना आशियाई दौऱ्यावरचा पहिला विजय याच मैदानावर डिसेंबर 2016 मध्ये मिळाला, वयाच्या 51 व्या वर्षी. भाच्याने जेवण संपवले आणि पुढच्या गावच्या गाडीची वेळ विचारली.

दौऱ्यावर वावरताना मला सर्वांत जास्त काय जाणवले असेल तर ते हे की, इथल्या कितीतरी खेळाडूंची सुरुवात बॅग उचलण्यापासून झाली आहे. दिल्लीचे अशोककुमार कॅडी होते आणि पुढे क्रमवारीत अव्वल ठरले. अशी माणसे सरावफेरीत नवख्या पोराला कुठे पाणी आहे, कुठल्या ग्रीनवर चेंडू मागे पडला तर सावरता येत नाही, हे आपणहून सांगतात. उद्या हाच पोरगा कटच्या रेषेवर आपल्यासमोर उभा राहील हे ठाऊक असूनही सांगतात. पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले तेव्हापासून मराठी घरांतही या खेळाकडे पाहण्याची नजर थोडी बदलली आहे. येरवड्याच्या मैदानावरचे दोन कॅडी वर्षभर आमच्या सोबतीला होते, आणि परगावी मराठी ऐकू आले की दिवसाचा शीण जातो.

पावसाळ्यात दौरा थांबला तेव्हा आम्ही हिशोबाची वही काढली. माझ्या बहिणीने खर्च आणि मिळकत समोरासमोर मांडली. ज्या आठवड्यांत कट पार झाला त्यांनी इतर आठवड्यांचा भार जेमतेम उचलला होता, आणि तिने शांतपणे सांगितले की उरलेल्या हंगामात विमानाचे तिकीट काढायचे नाही. तसेच केले. वर्षाचा शेवट जमशेदपूरला होतो. बेल्डी आणि गोलमुरी या दोन मैदानांवर टाटा स्टील टूर चॅम्पियनशिप खेळली जाते, आणि पुढच्या वर्षीचे कार्ड, म्हणजे दौऱ्यावर खेळण्याचा हक्क, कोणाचे टिकले हे तोवर जवळपास ठरलेले असते. भाच्याचे टिकले.

नव्या हंगामाच्या आधी आम्ही कोलकात्याला काही दिवस लवकर जाणार आहोत, केवळ ग्रीनवर सराव करायला. या वेळी मेहुणेही बरोबर येतील, आणि हावडा मेलची तीन तिकिटे काढून झाली आहेत.