आठ किलोमीटर, नोंद नाही

रविवार, सकाळ

पळून गेटपाशी परत आले, घड्याळावरची नोंद थांबवायला मनगट वर केलं, तर पडद्यावर नुसती वेळ. सहा सदतीस. अंतर नाही, नकाशा नाही. विद्यापीठाची नेहमीची फेरी, घर ते घर आठ किलोमीटर, आणि ती कुठेच नाही.

कारण लगेच कळलं. पाऊस होता म्हणून पोर्चमध्ये उभी राहून बटण दाबलं. डोक्यावर स्लॅब, त्यामुळे उपग्रह मिळाले नव्हते. अशा वेळी घड्याळ विचारतं, 'उपग्रहांशिवाय सुरू करू का?' आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत थांबून राहतं. ते दुसऱ्यांदा दाबणं राहिलं. थोडा वेळ वाट पाहून घड्याळ परत वेळेच्या पडद्यावर गेलं. सुरू झाल्यावर मनगटाला जो कंप जाणवतो तो जाणवला नव्हता, हे आत्ता आठवतंय. वर रेनकोटची बाही होती.

इतकंच झालं. तरी तिथे उभ्या उभ्या घसा दाटून आला. आठ पळून आलेल्या माणसाला कुणीतरी सांगावं की तू गेलीच नव्हतीस, तसं.

आई म्हणाली, "अगं, पाय तर पळून आले ना?" मी काही बोलले नाही.

अगदीच काही नाही असंही नाही. पावलं मोजली गेलीत, ९,३१२. पावलं मोजायला उपग्रह लागत नाहीत. हाताच्या झोक्यातला बदल टिपणारा संवेदक दिवसभर चालूच असतो. हृदयाच्या ठोक्यांच्या दिवसभराच्या आलेखातही पाच चाळीसपासून तासाभराचा उंचवटा दिसतो. म्हणजे घड्याळाला माहीत आहे की काहीतरी झालं. त्याला 'रन' म्हणायला मात्र ते तयार नाही. चालणं-पळणं आपोआप ओळखण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती चालू असती तर दहा-पंधरा मिनिटांनी त्यानंच नोंद सुरू केली असती, नकाशाशिवाय का होईना. बॅटरी वाचवायला मीच ती बंद केली होती. आता चालू केली.

हातानं नोंद घालता येते. अंतर आठ, वेळ छप्पन मिनिटं, प्रकार पळणं, सेव्ह. आठवड्याच्या बेरजेत आठ मिळतात, स्ट्रीक, म्हणजे रोजची न तुटलेली साखळी, वाचते. पण अशा नोंदीला ठोके जोडलेले नसतात, त्यामुळे ट्रेनिंग लोड (व्यायामाचा साठलेला भार), व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं त्याचा) अंदाज, विश्रांतीचे तास यांत ती धरली जात नाही. बेरीज पूर्ण होते आणि बाकी हिशेबाला तो दिवस मोकळाच राहतो. सकाळपासून तीनदा ते पान उघडलं आणि बंद केलं.

खोटी नोंद नाहीये ती. मग हात का थांबतो?

मंजू माझ्याबरोबर पळायला यायची तेव्हा घड्याळ नव्हतंच. गेटपाशी पाच पस्तीसला ती उभी असायची, एवढ्यावर काम भागायचं. तिच्या गुडघ्याचं झाल्यापासून... ते असो. घड्याळ त्यानंतर आलं.

स्ट्रीकचा विचार आधी संपवते. रोज दहा हजार पावलांचा आकडा काही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानात पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. तो विक्रीसाठी काढलेला गोल आकडा आज माझ्या मनगटावर रात्री साडेदहाला कंप करतो, आणि मी हॉलमध्ये फेऱ्या मारते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याची आहे : मध्यम व्यायाम १५० ते ३०० मिनिटं, किंवा जोरकस ७५ ते १५०. आठवड्याचं माप धरलं की त्यात विश्रांतीचा दिवस बसतो. रोजच्या स्ट्रीकमध्ये तो बसत नाही. महिनाभर रोज पळलं की दम वाढल्यासारखा वाटतो, पण घोट्यामागची शीर आणि पोटरी त्या वेगानं तयार होत नाहीत. फुफ्फुसं आणि हृदय काही आठवड्यांत साथ देतात, स्नायुबंधांना महिने लागतात. घड्याळ यातलं एकच मोजतं. मागच्या पावसाळ्यातलं पोटरीचं दुखणं तिथूनच आलं होतं, आणि आलेखात ते आठवडे फार सुंदर दिसतात.

म्हणून रोजचं उद्दिष्ट आज बंद केलं आणि आठवड्याची १५० मिनिटं घातली. सोमवार आणि गुरुवार कोरे.

आता ठोक्यांबद्दल, कारण घड्याळाचा मला खरा उपयोग तिथेच झाला आहे आणि रागाच्या भरात तो विसरायचा नाही.

मनगटावरचा संवेदक हिरवा प्रकाश कातडीत सोडतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, आणि त्यावरून ठोके मोजले जातात. घड्याळ मनगटाच्या हाडावरच घातलं तर बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा भरकटतो. हाडापासून दोन बोटं वर, आणि पट्टा इतका घट्ट की हात हलवल्यावर घड्याळ सरकू नये. परत आल्यावर एक भोक सैल. पावसात गारठलेल्या हातांना पहिली दहा मिनिटं आकडा हमखास चुकतो, कारण कातडीखालचं रक्त कमी झालेलं असतं. घरातच पाच मिनिटं हातपाय हलवून गरम होऊन निघालं की फरक पडतो.

सगळ्यात फसवी चूक निराळी आहे. निवांत पळत असताना घड्याळ १६२ दाखवतं आणि आपण घाबरून आणखी हळू होतो. तेव्हा केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, बघायचा. तोही १६२ असेल तर संवेदक ठोके मोजत नाहीये, पावलं मोजतोय. पाऊल पडताना हाताला बसणारा हिसका त्याला नाडीसारखा दिसतो. थांबायचं, मानेवर दोन बोटं ठेवायची, पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं. ३४ आले तर १३६. मग पट्टा जरा वर सरकवून पुन्हा निघायचं. वारंवार होत असेल तर छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचा विद्युत संकेत पकडतो, त्यामुळे असा गोंधळ होत नाही. घालण्याआधी त्याच्या आतल्या दोन्ही पट्ट्या पाण्यानं ओल्या करायच्या, कोरड्या कातडीवर पहिला किलोमीटर वेडेवाकडे आकडे येतात. प्रत्येक वेळी साध्या पाण्यात धुवायचा, घामाचं मीठ राहिलं की पट्टा मरतो. वाळवताना मधली डबी काढून ठेवायची, नाहीतर ओलाव्यानं ती चालू राहून बॅटरी संपते.

आणि झोन, म्हणजे सोपं-अवघड ठरवणारे ठोक्यांचे टप्पे. घड्याळ विकत घेतल्यावर त्यात वय घातलं की ते २२० वजा वय करून कमाल ठोके ठरवतं. त्रेचाळीसला १७७. हे सरासरीचं गणित आहे, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. माझे चढावर १८८ पर्यंत गेलेले आहेत, छातीच्या पट्ट्यावर. अंथरुणातून उठण्याआधीचे ठोके ६०. आता राखीव ठोक्यांच्या (कमाल वजा विश्रांतीचे) साठ ते सत्तर टक्के, अधिक विश्रांतीचे ठोके, म्हणजे सोपं पळणं, असं धरलं तर १७७ च्या हिशेबानं ते १३० ते १४२ येतं आणि १८८ च्या हिशेबानं १३७ ते १५०. दोन वर्षं मी सोप्या दिवशी १४५ दिसले की चालायला लागायचे आणि स्वतःला कमी समजायचे. चूक सेटिंगमधल्या एका आकड्याची होती.

कमाल ठोके शोधायचे तर वीस मिनिटं गरम होऊन, चढावर दोन-तीन मिनिटांच्या तीन धावा, शेवटची जीव तोडून, त्यात दिसेल तो सर्वांत मोठा आकडा. चाळिशीनंतर किंवा घरात हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. बाबांमुळे मी विचारलं होतं.

आणि हे काहीच जमलं नाही तर बोलून बघायचं. पळताना एक अख्खं वाक्य न तोडता बोलता आलं की दिवस सोपा आहे. मंजूबरोबर हे मोजावं लागायचं नाही.

परत तिथेच आले.

मला वाटतं आज मला लागलं ते हे. पाच चाळीसला रस्त्यावर कुणी नसतं. दूधवाला असतो, तो वर बघत नाही. मी पळले हे बघणारं एकच होतं, मनगटावरचं. त्यानं बघितलं नाही. आकडा हवा होता असं नाही, कुणीतरी तिथे असायला हवं होतं.

हे लिहिल्यावर बरंच हलकं वाटलं. कारण तसं असेल तर घड्याळाकडून मी जे मागत होते ते त्याच्याकडे नाहीच. त्याच्याकडे जे आहे ते मागावं.

ते बरंच आहे. सकाळचे विश्रांतीचे ठोके नेहमीपेक्षा सहा-सात जास्त दिसले, तेही लागोपाठ दोन दिवस, तर ताप यायचाय किंवा झोप पुरी झालेली नाही. त्या दिवशी टेम्पो, म्हणजे जोरातलं सलग पळणं, करायचा नाही. हे त्यानं मला दोनदा आधी सांगितलंय. मे महिन्यात त्याच पेसला (किलोमीटरला लागणाऱ्या वेळेला) ठोके दहानं चढतात, कारण शरीर थंड करायला रक्त कातडीकडेही वळलेलं असतं आणि घामानं पाणी कमी झालेलं असतं. मग घड्याळ व्हीओटू मॅक्स दोननं कमी दाखवतं. तो आकडा पेस आणि ठोके यांच्या नात्यावरून काढलेला अंदाज असतो, प्रयोगशाळेतला मुखवटा लावून मोजलेला नसतो. उन्हाळ्यातल्या घसरणीनं निराश व्हायचं नाही, जानेवारी ते जानेवारी बघायचं. कॅलरींचा आकडा तर मी पडद्यावरूनच काढला. स्टॅनफर्डनं २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रं तपासली. सातांपैकी सहांचे ठोके पाच टक्क्यांच्या आत बरोबर होते, पण कॅलरीत सर्वांत चांगल्या यंत्राचीही सरासरी चूक २७ टक्के होती. त्या आकड्यावर विसंबून जास्तीची पोळी खाऊ नये, आणि कमीही करू नये.

साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनसाठी आणखी एक, नाहीतर विसरेन. हाफचं अंतर २१.०९७५ किलोमीटर. प्रमाणित मार्ग वळणांच्या आतल्या कडेनं, सर्वांत जवळच्या रेषेनं मोजतात आणि वर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात, म्हणजे मार्ग कमी भरू नये. आपण गर्दीत बाहेरून वळतो, वर उपग्रहांची थोडी चूक, म्हणून शेवटी घड्याळात २१.४ वगैरे दिसतं. सव्वादोन तासांत संपवायचं तर कागदावर पेस ६:२४. पण घड्याळाच्या ६:२४ वर विसंबले तर २१.४ ला दोन तास सतरा मिनिटं होतील. घड्याळावर ६:१८ दिसायला हवा. अर्थात यवतेश्वरच्या चढावर पेस बघायचाच नाही, तिथे फक्त ठोके. चढताना १६५ च्या वर नाही, उतरताना पावलं आखूड. पेसची भरपाई उतारावर करायला गेलं की मांड्या जातात.

ऑटो-पॉज बंद ठेवायचं. सिग्नलला थांबलेला वेळ ते वगळतं आणि सरासरी खोटी चांगली दिसते. पावसात स्पर्श-पडदा कुलूपबंद, थेंबांनी नोंद थांबते. निघण्याआधी फोनशी जोडून घ्यायचं, म्हणजे उपग्रहांच्या येत्या काही दिवसांच्या जागा घड्याळात आधीच असतात आणि ते लवकर सापडतात. पोर्चच्या बाहेर, उघड्यावर उभं राहायचं, भिजलं तरी. कंप जाणवला तरच पहिलं पाऊल.

हातानं नोंद घातली नाही. स्वयंपाकघरात कालनिर्णयवर आजच्या चौकटीत 'दूध दीड' लिहिलेलं होतं, त्याखाली 'आठ, पाऊस' लिहिलं. आईनं पाहिलं. काही विचारलं नाही, पण पेन परत खिळ्याला अडकवताना तिनं दीड खोडून दोन केलं.

संध्याकाळी मंजूला फोन करेन. पळण्याबद्दल नाही, असाच.

उद्या सोमवार, कोरा. छातीचा पट्टा धुऊन बाल्कनीत टाकलाय, डबी काढून.